अर्ज प्रकाशित झाला की बक्षीस : नागपूरच्या महाविद्यालयांना खुलं पत्र

प्रति,
नागपूर व परिसरातील अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आणि विज्ञान महाविद्यालयांचे संस्थाचालक, प्राचार्य व संशोधन विभागप्रमुख यांस

विषय : पेटंट अर्जांसाठी दिल्या जाणाऱ्या प्रोत्साहनपर रकमेबाबत

सन्माननीय महोदय, महोदया,

पेटंटचा अर्ज प्रकाशित झाला की प्राध्यापकाला रोख बक्षीस, अशी योजना ज्यांच्या संस्थेत सुरू आहे किंवा येत्या अंदाजपत्रकात येऊ घातली आहे, त्यांच्यासाठी हे पत्र. पेटंटचे मसुदे लिहिणं, आधीचं तंत्रज्ञान धुंडाळणं, परीक्षण अहवालांना उत्तरं देणं आणि कार्यशाळेत नमुने उभे करणं हे आमचं रोजचं काम. त्यामुळे आधी हिशेब मांडतो, तक्रार मागाहून.

शैक्षणिक संस्थांना सप्टेंबर २०२१ पासून पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत आहे. ऑनलाइन अर्जाला फॉर्म १ चे १,६०० रुपये लागतात. मसुदा तीस पानांत आणि दावे (शोधातल्या नेमक्या कशावर हक्क मागतो ती वाक्यं) दहाच्या आत ठेवले तर वर काही पडत नाही. एरवी अर्ज अठरा महिन्यांनी प्रकाशित होतो. घाई असेल तर फॉर्म ९ भरायचा, २,५०० रुपये, की साधारण महिनाभरात अर्ज पेटंट कार्यालयाच्या साप्ताहिक जर्नलमध्ये येतो. झाले ४,१०० रुपये. इथपर्यंत त्यातला एकही दावा नवा आहे की जुना, हे कुणी तपासलेलं नसतं. प्रकाशित होणं म्हणजे अर्ज सगळ्यांना वाचायला खुला होणं, बस.

परीक्षण हवं असेल तर फॉर्म १८ वेगळा, ४,००० रुपये. तो ३१ महिन्यांच्या आत भरावा लागतो (मार्च २०२४ च्या दुरुस्तीआधी ४८ महिने होते). नाही भरला तर अर्ज मागे घेतला असं कायदा धरून चालतो. आता समजा, संस्थेनं प्रकाशित अर्जामागे दहा हजार ठेवले. शुल्क प्राध्यापकानं स्वतः भरलं तर ५,९०० रुपये हातात राहतात, संस्थेनं भरलं तर दहाच्या दहा हजार. फॉर्म १८ भरला की त्यातले चार हजार गेले, शिवाय वर्ष-दोन वर्षांनी येणाऱ्या अहवालाला उत्तर देण्याची कटकट मागे लागली. शहाणा माणूस काय करेल? योजनेनं त्याला जिथे थांबायला सांगितलंय तिथे थांबेल. त्यात त्याचा दोष नाही. परिपत्रक तुम्ही काढलंय.

वरून येणारा दाबही आम्हाला ठाऊक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत आंतरराष्ट्रीय पेटंटला १० आणि राष्ट्रीय पेटंटला ७ गुण आहेत. शिक्षणसंस्थांच्या एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत मंजूर पेटंटांबरोबर नुसत्या प्रकाशित अर्जांचीही मोजणी होते. या गुणांच्या जोरावर एक बाजारच उभा राहिला आहे. अर्जात संशोधक म्हणून ‘दुसरी जागा’, ‘चौथी जागा’ विकणारे संदेश व्हॉट्सअॅपवर फिरतात. मग एकमेकांना कधी न भेटलेल्या चार राज्यांतल्या आठ प्राध्यापकांनी मिळून एक स्मार्ट हेल्मेट शोधून काढलेलं असतं. पेटंट कायद्याच्या कलम ६ मध्ये ‘खरा आणि पहिला संशोधक’ असे शब्द आहेत. हक्क नसलेल्या माणसाच्या अर्जावर पेटंट मिळालं असेल तर कलम ६४ खाली ते रद्द करून घेता येतं. म्हणजे विकत घेतलेलं नाव एखाद्या चांगल्या पेटंटलाही पोखरतं.

याच दुकानातला दुसरा माल म्हणजे ब्रिटनमधली डिझाइन नोंदणी, जी इकडे ‘यूके पेटंट ग्रँट’ म्हणून मिरवली जाते. डिझाइन म्हणजे वस्तूचं दिसणं, ती चालते कशी याच्याशी त्याचा संबंध नाही. तिथलं कार्यालय नोंदणीआधी नावीन्याची तपासणी करत नाही, म्हणून प्रमाणपत्र लवकर येतं. प्रमाणपत्रावर राजचिन्ह असतं, ते चौकटीत चांगलं दिसतं.

आता अर्जांच्या आत काय असतं ते पाहू. खरा मुद्दा तिथेच आहे.

नेहमीचं उदाहरण घ्या : मातीतला ओलावा ओळखून पंप चालू-बंद करणारी यंत्रणा. सुटे भाग ठरलेले. दोन दांड्यांचा प्रतिरोधक सेन्सर, नोडएमसीयू ही वाय-फायची छोटी नियंत्रक पाटी, पाच व्होल्टचा रिले (विजेनं चालणारा छोटा स्विच), पंप, मोबाइल अॅप. वर मशीन लर्निंगचा एक डबा काढलेला, आत काय शिकवलं ते नाही. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात सिंचन नियंत्रणासाठी ए०१जी २५/१६ असा स्वतंत्र गट आहे. एस्पेसनेट या पेटंट शोधायच्या संकेतस्थळावर तो उघडलात की अर्ध्या तासात हीच यंत्रणा वेगवेगळ्या भाषांत पुन्हा पुन्हा भेटते. परीक्षकही तेच करतो. त्याच्या अहवालात येणारे आक्षेप आम्ही अर्ज न वाचता सांगू शकतो : नावीन्य नाही, ओळखीच्या उपकरणांची नुसती मांडणी म्हणून कलम ३(एफ), अॅपमधली गणितं म्हणून ३(के), आणि पूर्ण वर्णन नाही म्हणून १०(४).

गंमत अशी की याच यंत्रणेत सोडवण्यासारखे प्रश्न खच्चून भरले आहेत, पण ते प्रयोगशाळेतल्या कुंडीत दिसत नाहीत. विदर्भातली काळी माती वाळली की आक्रसते आणि तिला भेगा पडतात. भेग सेन्सरजवळ गेली की दांडी आणि माती यांच्यात हवा शिरते. सेन्सर ‘कोरडं’ सांगतो, पंप सुरू होतो, पाणी भेगेतून खाली निघून जातं, सेन्सर तरीही कोरडाच. दुसरं, दांड्यांमधून सतत डीसी प्रवाह ठेवला तर ओल्या मातीत विद्युत-अपघटन होऊन एक दांडी खात जाते आणि वाचन दर आठवड्याला सरकतं. म्हणून वाचन घेण्यापुरताच, काही मिलिसेकंद, वीजपुरवठा द्यायचा आणि दर वेळी ध्रुव उलटायचे, किंवा सरळ कपॅसिटिव्ह सेन्सर घ्यायचा आणि त्याची कापलेली कड इपॉक्सीनं बंद करायची. तिसरं, मोटर सुरू होताना नेहमीच्या प्रवाहाच्या चार ते सातपट प्रवाह ओढते. छोट्या रिलेचे संपर्क त्या ठिणगीनं चिकटतात, आणि मग अॅपवर ‘बंद’ दिसत असताना पंप चालूच. मधे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा प्रवाह पेलणारा स्विच, हवाच. चौथं, शेतीची वीज पाळीनं येते, बऱ्याचदा रात्री. पाण्याची गरज दुपारी नोंदली गेली आणि वीज रात्री आली, तर यंत्रणेला दुपारचं लक्षात राहायला हवं.

यातल्या पहिल्या प्रश्नावर काम केलं तर अर्ज करण्याजोगं काही हाती लागू शकतं. समजा, १५ आणि ३० सेंटिमीटर अशा दोन खोलींवर सेन्सर ठेवले. वरचं वाचन तासाभरात कोसळलं आणि खालचं जागेवर राहिलं, तर माती वाळलेली नाही, भेग पडली आहे. तेव्हा पंप रोखायचा आणि तसा इशारा द्यायचा. ‘तासाभरात’ आणि ‘कोसळलं’ या शब्दांच्या जागी आकडे यायला मात्र शेतात एक हंगाम काढावा लागतो, पेरणीपासून वेचणीपर्यंत. हे आधी कुणी केलेलं नाही असं आम्ही म्हणत नाही. त्यासाठी शोध घ्यावा लागेल. पण शोध घेण्यासारखा प्रश्न असा असतो.

पाण्याच्या टाकीची पातळी मोजणाऱ्या अर्जांचंही तेच. अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाजाच्या वेगावरून अंतर काढतो. २० अंशांना तो वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि दर अंशाला साधारण ०.६ मीटरनं वाढतो. नागपुरात मे महिन्यात गच्चीवर ४५ अंश म्हणजे सुमारे ३५८. प्रोग्राममध्ये ३४३ लिहून ठेवलं असेल तर दोन मीटर अंतर १९२ सेंटिमीटर दिसतं, म्हणजे पाणी आठ सेंटिमीटर जास्त. तापमान मोजणारा दोन रुपयांचा थर्मिस्टर ही चूक सुधारतो, पण मसुद्यात तापमान हा शब्दच नसतो. त्यातून खोकं पीएलए या प्लास्टिकचं थ्री-डी प्रिंट केलेलं असतं. पीएलए ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान मऊ पडतं आणि उन्हात तापलेल्या पत्र्यावर तेवढं तापमान सहज होतं. सेन्सर तिरका होतो, प्रतिध्वनी भिंतीवरून येतो. एबीएस किंवा एएसए ही उष्णता सोसणारी प्लास्टिकं वापरा, नाहीतर साधा पीव्हीसीचा जंक्शन बॉक्स घ्या. हे लिहायला बसलेल्या प्राध्यापकाला कळत नाही असं नाही. बक्षीस उन्हाळ्याआधी मिळून गेलेलं असतं, एवढंच.

एक चूक मात्र चांगल्या कामांनाही मारते. महाविद्यालयाच्या टेकफेस्टमध्ये नमुना मांडला, यूट्यूबवर चित्रफीत टाकली, प्रकल्प अहवाल ग्रंथालयात ठेवला, आणि मग अर्ज केला. नावीन्य तिथेच गेलं. कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला किंवा विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला. तुमच्या सभागृहातलं प्रदर्शन त्यात बसत नाही. घाईच असेल तर आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका, त्यानंतर संपूर्ण मसुद्यासाठी बारा महिने मिळतात. त्यातही एक पान भरून पाठवू नका. जे प्रोव्हिजनलमध्ये वर्णिलेलं नाही, त्याला पहिली तारीख मिळत नाही.

“एवढं सगळं असलं तरी पैशानं आणि पेटंटनं शोधाला चालना मिळतेच ना?” असा प्रश्न बैठकीत येईल. मिळते, पण सगळीकडे सारखी नाही.

कापसाच्या शहरात बसून सरकी काढायच्या यंत्राचं उदाहरण देणं योग्य ठरेल. एली व्हिटनीला त्याच्या जिनचं पेटंट १७९४ मध्ये मिळालं. त्यानं आणि भागीदारानं यंत्र विकायचं नाही, स्वतः जिनिंग करून रुईतला दोन-पंचमांश हिस्सा घ्यायचा असं ठरवलं. यंत्र इतकं सोपं होतं की गावोगावच्या लोहारांनी ते बनवलं. पेटंटच्या चौदा वर्षांतली बरीचशी वर्षं खटल्यांत गेली. यंत्र पसरलं ते नकलेमुळे, आणि व्हिटनीनं पुढे पैसा केला तो बंदुकांच्या सरकारी कंत्राटातून. नकल करणं जितकं स्वस्त आणि पकडणं जितकं अवघड, तितकं पेटंट लुळं. हिंगण्याच्या एमआयडीसीत हा नियम कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

उलट बाजूही नागपूरचीच. एम्प्रेस मिल ही इथली कापड गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. रिंग स्पिंडल या सूतकताईच्या नव्या साधनाचं पेटंट अमेरिकेत जॉन थॉर्पला १८२८ मध्येच मिळालं होतं, पण इंग्लंडमधलं गिरण्यांचं लँकेशायर बराच काळ म्यूल या जुन्या कताई यंत्राला चिकटून राहिलं. एम्प्रेसनं १८८३ च्या सुमारास रिंग फ्रेम आणून चालवून पाहिल्या आणि स्वीकारल्या. त्यात एकही नवं पेटंट नव्हतं. दुसऱ्याचं यंत्र आपल्या हवेत, आपल्या कापसावर आणि आपल्या कामगारांच्या हाती चालतं का, हे तपासण्याची तयारी होती. आजच्या मोजपट्टीत त्या कामाला शून्य गुण मिळाले असते.

१९९४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठानं अमेरिकी कारखान्यांची पाहणी केली. आपला फायदा कशानं टिकतो, या प्रश्नाला बहुतेक उद्योगांनी गुप्तता आणि बाजारात आधी पोहोचणं ही उत्तरं दिली. पेटंट खाली राहिलं. औषधनिर्मिती हा ठळक अपवाद. तिथे रेणू शोधायला आणि चाचण्यांना अफाट खर्च येतो, पण तयार गोळीचं विश्लेषण करून नकल करणं सोपं असतं. आपल्या १९७० च्या कायद्यानं, जो १९७२ पासून लागू झाला, औषधांवर फक्त प्रक्रियेची पेटंट ठेवली. त्यातून स्वस्त औषधं आणि प्रक्रिया-रसायनशास्त्राचं पक्कं कसब असलेला उद्योग उभा राहिला. नव्या रेणूंवरचं काम मात्र फारसं उभं राहिलं नाही. उत्पादनावरचं पेटंट १ जानेवारी २००५ पासून परत आलं. म्हणून फार्मसी महाविद्यालयांसाठी पेटंटचा विचार निराळा हवा, आणि तो ३(डी) पासून सुरू व्हावा. जुन्या औषधाचा नवा क्षार (सॉल्ट) किंवा नवं स्फटिकरूप दाखवताना परिणामकारकता वाढल्याचे आकडे नसतील, तर नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ ला दिलेला निकाल तुमच्या अर्जालाही लागू होतो.

आणि काही शोध पेटंटच्या चौकटीतच बसत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ पासून ‘पटेल-३’ धानातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून जे वाण उभं केलं, ते तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी म्हणून ओळखलं गेलं. बियाण्याला आणि वाणाला कलम ३(जे) नुसार पेटंट मिळत नाही. शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा आला तो २००१ मध्ये. वाण विदर्भाबाहेरही गेलं, त्यांच्या हाती फारसं काही आलं नाही. इथे प्रोत्साहन कमी पडलं म्हणून शोध अडला नव्हता. अडला तो मोबदला.

पेटंटची वाट सोपी करून किंवा नुसत्या आकड्याला पैसे देऊन पाहिलेले देश आपल्यासमोर आहेत. ऑस्ट्रेलियानं ‘इनोव्हेशन पेटंट’ नावाचा सोपा प्रकार काढला होता, आठ वर्षं मुदतीचा, सखोल परीक्षणाशिवाय मिळणारा. छोट्या उद्योगांना त्याचा लाभ होत नाही म्हणून तिथल्या उत्पादकता आयोगानं २०१६ मध्ये तो बंद करण्याची शिफारस केली आणि ऑगस्ट २०२१ नंतर नवे अर्ज थांबले. जाता जाता त्या खिडकीतून भारतीय प्राध्यापकांनीही बरीच प्रमाणपत्रं उचलली. चीनमध्ये स्थानिक सरकारं अर्जामागे अनुदान देत. अर्जांचे ढीग झाल्यावर राष्ट्रीय कार्यालयानं २०२१ च्या जानेवारीत सांगितलं की अर्जांवरची अनुदानं त्याच वर्षी जूनअखेर बंद करा आणि उरलेली २०२५ पर्यंत संपवा.

मग पैसे कुठे घालावेत? वर्षाला पाच लाखांची तरतूद धरू. आज त्यात दहा हजारांची पन्नास बक्षिसं बसतात. आमची मांडणी अशी आहे. आधी सहा प्रकल्प निवडा, आणि निवडताना प्राध्यापकाला एकच पान लिहायला सांगा : कुठलं जुनं यंत्र कुठे बिघडतं. प्रत्येकी ५,००० रुपये आधीच्या तंत्रज्ञानाच्या शोधाला आणि ४५,००० दुसऱ्या व तिसऱ्या नमुन्याला, एका हंगामाच्या चाचणीसह. तीन लाख झाले. पहिला नमुना महाविद्यालयाच्या भंगारातून होतो, त्याला पैसे देऊ नका. सहापैकी तीन टिकतील असं समजा. त्यांचे मसुदे प्रत्येकी ३५,००० धरून १,०५,०००. फॉर्म १ आणि फॉर्म १८ मिळून तिघांचे १६,८००. फॉर्म ९ लागत नाही. परीक्षण अहवालाच्या उत्तरासाठी आणि सुनावणीसाठी प्रत्येकी १५,०००, म्हणजे ४५,०००. एकूण ४,६६,८००. मसुदा आणि उत्तराचे दर हा आमचा अंदाज, शुल्काचे आकडे नियमातले.

उरलेल्या ३३,२०० मधून नूतनीकरण. सवलतीच्या दरानं तिसऱ्या ते सहाव्या वर्षाला दरसाल ८०० रुपये, सातव्या ते दहाव्याला २,४००, अकराव्या ते पंधराव्याला ४,८०० आणि पुढे विसाव्यापर्यंत ८,०००. एक पेटंट पूर्ण वीस वर्षं जिवंत ठेवायला ७६,८०० रुपये लागतात. दहाव्या वर्षी विचारा की कुणी वापरतंय का. नसेल तर सोडून द्या, लाजायचं कारण नाही.

बक्षीस ठेवायचंच असेल तर दोन टप्प्यांवर ठेवा : पहिल्या परीक्षण अहवालाला मुदतीत (सहा महिने, वाढवून मिळाले तर आणखी तीन) दिलेल्या उत्तरावर थोडं, आणि बाहेरच्या कुणी परवाना घेऊन भरलेल्या पहिल्या पैशातून मोठा वाटा. हा वाटा किती आणि कुणाचा, हे संस्थेच्या लेखी धोरणात हवं. सरकारी निधीतल्या संशोधनाच्या मालकीबाबत २००८ मध्ये संसदेत आलेलं विधेयक २०१४ मध्ये मागे घेतलं गेलं, त्यामुळे याबाबतीत तुमचं धोरण हाच आधार. त्यात विद्यार्थ्याचं नाव असू द्या. कार्यशाळेतल्या फिटरनं जर अडलेली कल्पना सोडवली असेल तर तोही कायद्यानं संशोधक आहे, त्याचंही. आणि नकल सोपी, बाजार छोटा अशा कामाचा तपशील सरळ छापून टाका. त्यानं निदान दुसरा कुणी त्यावर पेटंट घेऊ शकत नाही.

शोध कसा घ्यायचा हे शिकवायला मुंबई-दिल्ली गाठायची गरज नाही. पेटंट कार्यालयाची पेटंट माहिती प्रणाली १९८० पासून आपल्या शहरात आहे आणि बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्थाही सिव्हिल लाइन्सलाच आहे. विभागातून दोन-दोन प्राध्यापक पाठवा, ग्रंथपालही पाठवा. शोधाचं काम ग्रंथपालाला बहुतेक वेळा अधिक चांगलं जमतं.

हे एकदम होणार नसेल तर या आठवड्यात एवढं करा. गेल्या तीन वर्षांत संस्थेच्या नावानं गेलेल्या अर्जांची यादी काढा. प्रत्येकासमोर दाखल केल्याची तारीख, ३१ महिने कधी भरतात ती तारीख आणि फॉर्म १८ भरल्याची पावती, असे तीन रकाने करा (१५ मार्च २०२४ पूर्वीच्या अर्जांना जुने ४८ महिने लागू आहेत). पावतीचा रकाना रिकामा असलेल्या अर्जाच्या पहिल्या संशोधकाला बोलवा आणि त्याचा नमुना कुठे ठेवला आहे ते दाखवायला सांगा. नमुना असेल तर त्याच दिवशी चार हजार भरा, मुदत उलटल्यावर काम अवघड आणि महाग होतं. नमुना नसेल तर पैसे वाचवा, आणि बक्षिसाचं परिपत्रक दुरुस्तीला घ्या.

आपले,
नागपुरातले पेटंट मसुदेकार, तपासनीस आणि कार्यशाळांतले काही तंत्रज्ञ